अजिंठ्याचीं चित्रें आणि त्यांच्या छाया

अजिंठ्याचीं लेणीं न पाहिलेला मनुष्य महाराष्ट्रांत पुष्कळ सांपडेल; परंतु अजिंठ्याचें एकहि चित्र न पाहिलेला मनुष्य सांपडणें कठीण. हातांत नीलकमल धरलेला, मान किंचित् कलती करून खालीं पाहणारा तो पद्मपाणि दिनदर्शिकेवर असतो, शाळेच्या पुस्तकांत असतो, आणि कित्येक सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत आजोबांच्या तसबिरीशेजारीं त्यालाहि मानाची जागा मिळालेली असते. त्यामुळें लेण्यांकडे निघणारा प्रवासी कांहीं अपरिचित पाहावयास निघत नाहीं. घरीं रोज पाहिलेल्या चित्राचें मूळ पाहावयास तो निघतो. मूळ आणि त्याची छाया यांची अशी प्रत्यक्ष गांठ पडली म्हणजे पाहणाऱ्याच्या मनांत काय उलथापालथ होते, तें आम्हीं या प्रवासांत जवळून पाहिलें, आणि त्यावरून जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आम्ही जळगांवहून निघालों. मंडळींत आमच्या आत्याबाई, थोरल्या वहिनी, आणि कॉलेजांत शिकणारा आमचा एक पुतण्या, इतकीं माणसें होतीं. आत्याबाईंचें वय पंचाहत्तरीच्या पुढें, पण डोळे शाबूत आणि जिभेला धारहि तशीच. मार्गशीर्षाचे दिवस होते. रस्त्याच्या दोहों बाजूंस कापूस फुटलेला, मधूनच केळीच्या बागा, आणि पुढें अजिंठ्याच्या डोंगराची निळसर रेघ. सुमारें साठ किलोमीटरांवर फर्दापूर लागतें. तेथल्या तिठ्यावर आपली गाडी ठेवून पुढील तीन-चार किलोमीटर धूर न करणाऱ्या सरकारी बसनें जावें लागतें. धुरानें चित्रांचें नुकसान होऊं नये म्हणून ही व्यवस्था केलेली आहे व ती योग्य आहे, जरी सामान उतरवितांना आमच्या वहिनींचें मत क्षणभर निराळें झालें होतें.

वाघोरा नदीनें येथें डोंगर घोड्याच्या नालेसारखा कापून काढला आहे. त्या वळणाच्या उभ्या कड्यांत, ओळीनें एकोणतीस-तीस लेणीं कोरलेलीं आहेत. त्यांतलीं कांहीं इसवी सनापूर्वीच्या सातवाहन काळांतलीं, आणि बहुतेक पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतलीं, वाकाटक राजा हरिषेण याच्या वेळचीं. सोळाव्या लेण्यांत त्याचा अमात्य वराहदेव याचा शिलालेख अद्यापि आहे. वर चढावयास पायऱ्या आहेत, आणि ज्यांना चढवत नाहीं त्यांच्यासाठीं डोलीवाले बसलेले असतात. आत्याबाई प्रथम "मी कांहीं नवरी नव्हे" म्हणून रुसल्या. नंतर चार गड्यांच्या खांद्यांवरून आमच्या आधीं वर पोंचल्या.

दहाव्या लेण्यांत एका खांबावर, जुन्या चित्रावरच, जॉन स्मिथ नांवाच्या मद्रासच्या फौजेंतील गोऱ्या अधिकाऱ्यानें आपलें नांव व २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरडलेली आहे. वाघाच्या शिकारीस आला असतां त्याला हीं लेणीं दिसलीं. तें नांव आज मनुष्याच्या डोक्याहून उंच दिसतें, कारण तो उभा होता तेव्हां लेण्यांत शतकानुशतकांचा दगडमातीचा ढीग साचलेला होता व त्याच्यावर तो उभा होता. आधुनिक जगानें अजिंठ्यास पाहिलें त्याच दिवशीं अजिंठ्यावर आपली खूणहि उमटवून ठेविली. पुढील दोनशें वर्षांत ज्यांनीं ज्यांनीं येथें येऊन चित्रें उतरविलीं त्यांनीं हें अधिक सभ्यपणें केलें, इतकेंच.

परंतु आधीं मूळ चित्रांविषयीं. खडबडीत दगडावर माती, भाताचें तूस आणि वनस्पतींचे तंतु कालवून त्यांचा गिलावा दिलेला, त्यावर पातळसा पांढरा थर, आणि तो सुकल्यावर वर रंग. तांबडा व पिवळा गेरूचा, काळा काजळीचा, हिरवा एका जातीच्या मातीदगडाचा. हे बहुतेक देशांतलेच. निळा मात्र राजावर्त दगडाचा, आणि तो अफगाणिस्तानांतून आलेला. इटलींत ओल्या चुन्यावर रंगवीत असत म्हणून तेथें रंग भिंतींत मुरे. येथें तो कोरड्यावर बसलेला आहे, म्हणून दमटपणानें त्याची खपली सुटते. अजिंठ्याच्या पुढील सर्व दुर्दैवाचें बीज या एका गोष्टींत आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पहिल्या लेण्यांत शिरतांना पायतणें बाहेर काढावीं लागतात, आणि थोड्या थोड्या माणसांसच आंत सोडतात. आंत मंद दिवे. बाहेरच्या उन्हांतून आलेल्या डोळ्यांस प्रथम कांहींच दिसत नाहीं. गाभाऱ्याच्या डाव्या अंगास पद्मपाणि आहे, असें पुतण्यानें दाखविलें. आत्याबाई पुढें झाल्या, डोळे बारीक करून पाहूं लागल्या, आणि मग स्पष्ट निराशेच्या सुरांत म्हणाल्या, "अगबाई, हाच का तो? आपल्या घरचा याहून चांगला आहे रे!"

हंसण्यासारखें असलें तरी हें वाक्य आम्हांस मोठें मार्मिक वाटलें. ज्या चित्रावरून घरच्या चित्राची किंमत ठरावी, त्याचीच किंमत घरच्या चित्रावरून ठरत होती. मूळ हें आपल्या नकलेसारखें नाहीं, अशी तक्रार! आणि ही तक्रार एकट्या आत्याबाईंची नाहीं. त्या अर्ध्या घटकेंत आमच्या आजूबाजूस निदान चार निरनिराळ्या भाषांत ती आम्हीं ऐकिली.

पुतण्यानें त्यावर उपाय काढला. झोत टाकण्यास तेथें मनाई आहे. परंतु आतांच्या मोबाइलास झोत लागतच नाहीं. त्यानें तो भिंतीसमोर स्थिर धरला, आणि क्षणार्धांत त्याच्या कांचेवर पद्मपाणि लख्ख उमटला. सोनेरी मुकुट, मोत्यांची माळ, नाकावरील उजळ रेघ, सर्व कांहीं. "हें बघा, आत्याआजी." आत्याबाई भिंतीकडे पाठ करून त्या कांचेंत पाहूं लागल्या व म्हणाल्या, "हां, आतां बरोबर." अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत, मूळ चित्रापासून पांच हातांवर उभें राहून, माणसें मूळ चित्राची छाया पाहात होतीं! यंत्रानें मिणमिणत्या उजेडाचे अनेक क्षण सांठवून एक असा उजेड बनविला होता, कीं ज्यांत तें चित्र कोणत्याहि मनुष्यानें कधींहि पाहिलेलें नाहीं. ज्या भिक्षूंसाठीं तें काढलें गेलें त्यांनीं तें दिव्यांच्या हलत्या उजेडांत पाहिलें. छायाचित्र खोटें बोलत नाहीं असें म्हणतात. तें खोटें बोलत नसेल, पण जें कोणी विचारलेलेंच नाहीं त्याचें उत्तर तें मोठ्या आत्मविश्वासानें देतें.

वहिनींनीं मात्र शहाणपण केलें. "जरा थांबा, आत्याबाई, डोळे निवूं द्या," असें म्हणून त्यांनीं त्यांचा हात धरून त्यांस तेथेंच उभें ठेविलें. पांच-सात मिनिटें गेलीं. हळूहळू भिंत जणूं आंतून उजळूं लागली. प्रथम खांदा दिसला, मग तीं खालीं झुकलेलीं पापणीं, मग त्याच्या मागची अंधुक गर्दी. आत्याबाई एकदम म्हणाल्या, "अरे, हा एकटा नाहीं कीं! हीं वानरें बघा, हा मोर." खरोखरच पद्मपाणीच्या भोंवतीं डोंगर आहेत, त्यांत वानरें आहेत, मोर आहेत, वाद्यें वाजविणारे किन्नर आहेत, जोडपीं आहेत. सारें जग आपापल्या उद्योगांत गुंतलेलें आहे, आणि त्या गलबल्याच्या मधोमध हा एकटाच खालीं पाहात उभा आहे. त्याच्या चेहऱ्यावर जी करुणा म्हणून म्हणतात ती या गर्दीकडे पाहूनच आहे. दिनदर्शिकावाल्यांनीं गर्दी कापून टाकली आणि चेहरा तेवढा ठेविला. त्याबरोबर त्या पाहण्याचें कारणच कापलें गेलें. आमच्या घरच्या चित्रांत तो देखणा राजपुत्र कशाकडे पाहतो हें आम्हांस इतक्या वर्षांत कधीं विचारावेंसेंहि वाटलें नव्हतें.

याच लेण्यांत दुसरें एक चित्र आहे. दरबार भरलेला आहे, सिंहासनावर राजा आहे, आणि टोंकदार टोप्या घातलेले दाढीवाले परदेशी लोक नजराणे घेऊन आले आहेत. आमच्या पिढीच्या शालेय पुस्तकांत याच्याखालीं 'पुलकेशीच्या दरबारांत इराणी वकील' असें छापलेलें असे. हा शोध जेम्स फर्ग्युसन या विद्वानाचा. इराणचा राजा खुस्रू दुसरा व आपला चालुक्य पुलकेशी यांच्यामधील सातव्या शतकांतील वकिलातीचें हें चित्र, असें त्यानें १८७९ सालीं मांडलें. कल्पना इतकी मोहक होती कीं ती घराघरांत पोंचली. परंतु पुढील संशोधनानें हीं लेणीं पांचव्या शतकांत नेलीं. म्हणजे पुलकेशी जन्मण्यापूर्वीं शंभरांहून अधिक वर्षें भिंत रंगून झालेली होती. चित्रांतला राजा बौद्ध कथेंतला आहे, व परदेशी लोक त्याच्या वैभवाची साक्ष म्हणून तेथें आले आहेत. टोप्या, दाढ्या आणि चेहरे मात्र अगदीं पाहून काढलेले आहेत. असे व्यापारी त्या चित्रकारांनीं बाजारांत खचित पाहिले असतील. म्हणजे माणसें खरीं, प्रसंग कथेंतला. फर्ग्युसनसाहेबांनीं त्या भिंतीकडे वर्तमानपत्रांतील छायाचित्राकडे पाहावें तसें पाहिलें, आणि जेथें वास्तव होतें तेथेंच इतिहासहि असला पाहिजे असें धरून चालले.

सोळाव्या लेण्यांतील गोष्ट याहून हृद्य आहे. तेथें एक स्त्री आसनावर कलंडलेली आहे. मान गळलेली, डोळे अर्धवट मिटलेले, एक दासी तिला मागून सांवरते आहे, दुसरी वारा घालीत आहे, आणि आजूबाजूच्या सर्वांच्या चेहऱ्यांवर काळजी आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ यांनीं तिला 'मरणोन्मुख राजकन्या' असें नांव दिलें, आणि रेखाटनांत फ्लॉरेन्सचे व रंगांत व्हेनिसचे चित्रकार सरस ठरले तरी भाव दाखविण्यांत याच्यावर कोणी ताण केली नसती, अशा अर्थाची स्तुति केली. ती स्तुति सर्वस्वीं योग्य आहे. परंतु ती राजकन्या मरत नाहीं! ती सुंदरी, बुद्धाचा धाकटा भाऊ नंद याची पत्नी. नंद भिक्षु झाला, आणि त्याचा मुकुट तेवढा घरीं परत आला. तो हातांत घेऊन सेवक पलीकडे उभा आहे. अश्वघोषाचें 'सौंदरनंद' ज्यांनीं वाचलें आहे त्यांना या प्रसंगाची ओळख पटेल. ग्रिफिथसाहेबांना दुःख अचूक दिसलें, कारण मात्र दिसलें नाहीं. तें डोळ्यांनीं दिसणारेंच नव्हे, तें काव्यांतून यावें लागतें. वहिनींना ही कथा सांगतांच त्या तो मुकुट शोधूं लागल्या, आणि सांपडल्यावर बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मेलेल्या राजकन्येविषयीं आपल्याला वाईट वाटतें. नवरा जिवंत असून घरीं नुसता मुकुट आलेल्या बाईविषयीं जें वाटतें त्याला निराळें नांव आहे.

सतराव्या लेण्यांत बुद्ध स्वतःच्या घरीं भिक्षेस आला आहे. दारांत यशोधरा आणि लहानगा राहुल. आई मुलाला पुढें करते आहे, मुलगा वर पाहतो आहे; आणि समोर बुद्ध त्यांच्या कित्येक पट मोठा, जवळ जवळ भिंतभर उंच! मोजपट्टीनें पाहिलें तर हें साफ चूक आहे. कॅमेऱ्यास असें चित्र घेतांच यावयाचें नाहीं. पण सात वर्षांनीं परतलेला बाप त्या दारांतून त्या पोराला केवढा दिसला असेल? अजिंठ्याच्या कारागिरांना देहाचें हुबेहूब चित्रण येत नव्हतें असें कोणी म्हणूं नये. याच भिंतींवरील माकडें, हत्ती, भांडीं, दागिने, बोटांच्या अग्रांची ठेवण पाहावी. येत असूनहि त्यांनीं तेथें तें सोडलें. जुन्या शास्त्रकारांनीं चित्राचीं सहा अंगें सांगितलीं त्यांत 'सादृश्य' आहेच, पण तें सहांपैकीं एक. भाव व लावण्ययोजना हीं त्याच्या शेजारींच बसलेलीं आहेत. विष्णुधर्मोत्तरांतील चित्रसूत्र तर झोंपलेल्या आणि मेलेल्या माणसांतला फरक ज्याला दाखवितां येतो त्यालाच जाणता चित्रकार म्हणतें. दोघांचेहि डोळे मिटलेले, दोघेहि आडवे. सादृश्यानें येथें काय भागणार?

आतां ज्यांनीं हीं चित्रें उतरवून नेलीं त्यांच्याकडे वळूं, कारण अजिंठ्याच्या इतिहासांतला हाच भाग फार थोड्यांस ठाऊक असतो, आणि तो वाचतांना अंगावर कांटा येतो.

१८४४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें रॉबर्ट गिल या मद्रासच्या फौजेंतील अधिकाऱ्यास अजिंठ्याच्या प्रतिकृति करण्याच्या कामावर नेमलें. हा मनुष्य पुढें या डोंगरांतच राहिला. वाघांचें रान, हिंवतापाची हवा, अर्धवट गाडलेलीं लेणीं. तशांत वर्षानुवर्षें बसून त्यानें मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत चित्रें उतरविलीं व विलायतेस पाठविलीं. लंडनजवळ सिडनहॅम येथील स्फटिकमहालांत तीं लोकांस पाहावयास ठेवलीं होतीं. १८६६ च्या डिसेंबरांत त्या महालास आग लागली. प्रदर्शनांत नव्हतीं म्हणून चार-पांच वांचलीं. बाकीचीं वीस वर्षांची मेहनत एका रात्रींत गेली.

मग १८७२ पासून ग्रिफिथ आपल्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांस घेऊन येऊं लागले. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत अशीं आपल्याकडचीं मुलें पुढें तेरा वर्षें, हंगामामागून हंगाम, येथें राबलीं व सुमारें तीनशें चित्रें झालीं. तींहि लंडनला गेलीं. १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांत आग लागून त्यांतलीं पुष्कळ जळलीं वा खराब झालीं. उरलीं त्यांच्या आधारें ग्रिफिथनीं १८९६-९७ मध्यें दोन भव्य खंड काढले. त्यानंतर १९०९ ते १९११ च्या दोन हिंवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार वगैरे बंगाली तरुण चित्रकार होते. आणखी पुढें जपानचे आराई कांपो येऊन चित्रें उतरवून गेले. तीं तोकियोस होतीं, आणि १९२३ च्या भूकंपांत नष्ट झालीं. दोन आगी आणि एक भूकंप! नकला जपून ठेवण्यासाठीं ज्या सुरक्षित नगरांत नेल्या तेथें त्या जळाल्या, आणि ज्या भिंतींचा कांहीं भरंवसा नाहीं म्हणून नकला केल्या त्या भिंती वाघोरेच्या कांठीं तशाच उभ्या राहिल्या.

पण तशाच म्हणणेंहि खरें नव्हे, आणि या सर्व हकीगतींतली बोंचणारी गोष्ट हीच आहे. धुरानें व धुळीनें मंदावलेले रंग नीट दिसावे म्हणजे प्रत अधिक हुबेहूब होईल, म्हणून गिल व ग्रिफिथ यांच्या वेळीं भिंतींवर व्हार्निश फांसलें गेलें. क्षणभर रंग झळाळले. प्रत उत्तम उतरली. मग तें व्हार्निश पिवळें पडलें, त्यावर धूळ चिकटली, आणि आकसतांना त्यानें रंगाच्या खपल्या आपल्याबरोबर ओढल्या. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारनें इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी यांना आणविलें. त्यांनीं निसटता गिलावा पक्का बसविला, त्याबद्दल त्यांचे उपकार मानले पाहिजेत. परंतु त्यांनींहि वर लाखेचा थर दिला व तोहि कालांतरानें काळवंडला. तो थर काढण्याचें जिकिरीचें काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांस अनेक वर्षें करावें लागलें. आत्याबाईंना जो पद्मपाणि घरच्यापेक्षां अंधुक वाटला, त्या अंधुकपणांत हुबेहूब नकलेच्या हौसेचाहि वांटा आहे.

आणि तरी त्या नकला करावयास नको होत्या असें आमच्यानें म्हणवत नाहीं. ग्रिफिथच्या खंडांत जे प्रसंग पुरते आहेत त्यांतले कित्येक भिंतीवर आज तुटक झाले आहेत. आपल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार. त्यांनीं १९३२ सालीं अजिंठ्यावर चित्रांसह मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला, तो याच तळमळीनें. गुलाम याझदानी यांचे चार भाग १९३० पासून १९५५ पर्यंत निघाले, त्यांत छायाचित्रांची जोड होती. १९९१ नंतर बिनॉय बहल यांनीं अत्यंत मंद उजेडांत, भिंतीस इजा न करतां, रंगीत छायाचित्रें घेतलीं, आणि आज जगांत अजिंठा म्हणून जें ओळखलें जातें तें बऱ्याच अंशीं त्या छायाचित्रांतलें आहे. या सर्व प्रती शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या तर मौज दिसते. भिंत एकच, पण गिलच्या कापडावर तैलरंगाचा मऊ विलायती अंधार आहे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातून गोलाई आणि मांसलपणा उतरला आहे, कारण त्यांस तोच धडा होता. बंगालच्या मंडळींस रेषाच रेषा दिसली, कारण रेषेच्याच शोधांत तीं आलीं होतीं. प्रत्येकानें प्रामाणिकपणें उतरविलें. लबाडी कोणींच केली नाहीं.

अलीकडे संगणकाच्या साहाय्यानें गळालेले भाग भरून चित्रें 'पूर्ण' करण्याचेहि प्रयत्न होतात. आमच्या पुतण्यास ते फार आवडतात. आम्हांस त्यांचें कौतुक वाटतें, पण एक अट घालाविशी वाटते: कोठें भिंत संपली आणि कोठें कल्पना सुरू झाली तें एका बारीक रेघेनें दाखवावें. भिंतीवर जेथें खपली गेली आहे तेथें निदान ती गेली आहे हें दिसतें.

गिलनें पुढें कॅमेराहि धरला. दोन भिंगांचा कॅमेरा घेऊन त्यानें लेण्यांचीं जोडचित्रें काढलीं. विशिष्ट भिंगांतून पाहिलीं असतां त्यांत खोली दिसते, आणि त्यांचीं पुस्तकें १८६४ सालीं लंडनला फर्ग्युसनच्या विवेचनासह निघालीं. परंतु त्यांत खांब, कमानी, पाषाणमूर्ति, हेंच फार. त्या काळच्या कांचांना तांबडा व पिवळा रंग जवळ जवळ दिसतच नसे. तो काळा उमटे. आणि अजिंठा म्हणजे तर गेरूचाच संसार! म्हणून ज्या मनुष्याच्या हातांत कॅमेरा आला होता त्यालाहि रंगांसाठीं पुन्हां कुंचल्याकडेच यावें लागलें. आगीनंतर, साठी उलटल्यावर, त्यानें पुन्हां प्रतिकृतींचें काम हातीं घेतलें. १८७९ सालीं भुसावळ येथें तो वारला, व तेथेंच त्याची कबर आहे.

दुपार कलल्यावर लेणीं उतरून आम्ही घाट चढून अजिंठा गांवीं आलों. गांव लेण्यांपासून दहा-बारा किलोमीटरांवर, जुन्या तटबंदीचें. गिल येथल्या बारादरींत राहात असे. येथें पारो नांवाच्या स्त्रीची कबर आहे. आपल्या प्रिय पारोच्या स्मरणार्थ, मृत्यु २३ मे १८५६, इतका मजकूर गिलनें दगडावर इंग्रजींत कोरविला. त्या दोन ओळींवरून ना. धों. महानोर यांनीं 'अजिंठा' हें दीर्घकाव्य रचलें, तें १९८४ सालीं प्रसिद्ध झालें. आणि त्या काव्यावरून नितीन चंद्रकांत देसाई यांनीं २०१२ सालीं त्याच नांवाचा गीतमय चित्रपट काढला. काव्यानें पारोला आवाज दिला, चित्रपटानें चेहरा दिला. सोनाली कुलकर्णी यांचा. गांवच्या मुलीचें आणि गोऱ्या चित्रकाराचें प्रेम, रानांतले रंग, लेण्यांतला अंधार, सर्व कांहीं पाहणाऱ्यास आतां अगदीं डोळ्यांपुढें उभें राहतें, आणि कबर पाहावयास येणारे लोक चित्रपटांतल्या पारोची कबर पाहावयास येतात.

आमच्या वहिनींनीं चित्रपट पाहिलेला होता. त्या दगडापाशीं उभ्या राहून त्यांनीं सहज विचारलें, "मग ती खरी कशी दिसत असेल?" पुतण्यानें मोबाइल बाहेर काढून चित्रपटांतलें एक दृश्य त्यांस दाखविलें. आत्याबाईंनीं त्याचा हात हलकेच खालीं केला. "राहूं दे, बाळ," त्या म्हणाल्या, "तिच्या माणसानें वीस वर्षें दुसऱ्यांच्या बायकांचे चेहरे भिंतीवरून उतरवून घेतले. तिचा कुठें ठेवलान्?"

याला कोणी उत्तर दिलें नाहीं. ऊन तटबंदीवर चढलें होतें, आणि सिल्लोडचा रस्ता अंधारापूर्वीं गांठावयाचा होता. आत्याबाई डोली नसल्याबद्दल कुरकुरत, पण कोणाचा हात न धरतां, गाडीकडे चालूं लागल्या.